नादाची जात आणि वगळलेला आरंभ

संगीताच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकाच्या आरंभीच्या पानांत नादाचे तीन गुण सांगितलेले असतात: उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जात. यांपैकी पहिल्या दोहोंचा निकाल युरोपातील शास्त्रज्ञांनी बराच आधी लावून टाकला होता. तारेची लांबी, तिचा ताण आणि तिचे वजन यांवरून स्वराची उंची कशी ठरते याचे नियम मारँ मेर्सेन या फ्रेंच ख्रिस्ती भिक्षूने १६३६ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले होते. आणि आंदोलनाचा विस्तार जितका मोठा तितका नाद मोठा, हे तर कोणाही विचारी मनुष्यास सहज पटण्यासारखे होते. तिसऱ्या गुणाची अवस्था मात्र जमाखर्चाच्या वहीतील ‘किरकोळ’ या सदरासारखी होती. उंची सारखी आणि जोरही सारखा असे दोन स्वर ऐकल्यावर त्यांत जो फरक शिल्लक उरेल त्याला जात म्हणावे, एवढी नकारार्थी व्याख्या करून शास्त्र स्वस्थ बसले होते. आणि इकडे भिंतीपलीकडे वाजणारी सनई, सारंगी अथवा बासरी कोणताही निरक्षर मनुष्य क्षणार्धात ओळखीत होता व आपण काही विशेष केले असे त्याला वाटतही नव्हते.

हे सदर उघडून त्यातील रकमा मोजण्याचा पहिला गंभीर प्रयत्न जर्मनीत झाला, आणि त्याचा उगम एका कडाक्याच्या वादात आहे. फूरिये या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ साली उष्णतेच्या वहनावर लिहिताना असे सिद्ध केले होते की, पुनःपुन्हा त्याच आकाराने येणारी कोणतीही लहर, ती कितीही वेडीवाकडी असो, साध्या लहरींच्या बेरजेने मांडता येते. विद्युत्प्रवाहाच्या नियमामुळे ज्याचे नाव आज शाळकरी मुलांनाही पाठ असते त्या गेओर्ग ओहमने १८४३ साली हे गणित कानाला लागू केले. कान हेच पृथक्करण करतो, स्वराच्या मिश्रणातील प्रत्येक साधा घटक वेगळा घेतो, असे त्याचे म्हणणे. मौजेची गोष्ट अशी की, संगीताचा कान आपल्याला निसर्गाने दिलेलाच नाही, अशी कबुली स्वतः ओहमनेच देऊन ठेवली होती. त्याच्याविरुद्ध उभा राहिलेला ड्रेस्डेनचा आउगुस्ट झेबेक प्रयोगात निष्णात होता. भोके पाडलेली चक्रे फिरवून त्यांवर हवेचा झोत सोडायचा आणि निघणारा स्वर ऐकायचा, या पद्धतीने त्याने असे दाखविले की, ओहमच्या गणिताप्रमाणे जो मूळ स्वर अगदी दुबळा असावयास हवा तोच कानाला ठळक ऐकू येतो. ओहमने हा कानाचा भ्रम ठरविला; त्यावर, स्वरात काय आहे नि काय नाही याचा निवाडा कानाने करावयाचा नाही तर दुसऱ्या कोणी करावयाचा, असा झेबेकचा बिनतोड सवाल होता. झेबेक १८४९ साली वारला आणि मामला तसाच पडून राहिला. त्याच्या सवालात केवढे तथ्य होते हे कळावयास पुढे पाऊणशे वर्षे जावी लागली.

वादाचा निकाल ओहमच्या बाजूने देणारा न्यायाधीश म्हणजे हेर्मान हेल्महोल्ट्झ. पॉट्सडामच्या एका शिक्षकाचा हा मुलगा. सरकारी खर्चाने वैद्यक शिकल्यामुळे प्रशियन सैन्यात शल्यवैद्य म्हणून काही वर्षे बांधलेला. सव्विसाव्या वर्षी ऊर्जेच्या अक्षय्यत्वावर निबंध लिहिणारा आणि तिशीच्या आत डोळ्याच्या आतील पडदा पाहण्याचे यंत्र बनविणारा. केनिग्सबर्ग, बॉन आणि १८५८ पासून हायडेलबर्ग, अशा विद्यापीठांतून शारीरविज्ञान शिकवीत असताना त्याने नादाच्या जातीचा प्रश्न हाती घेतला आणि १८६३ साली स्वरसंवेदनांवरचा आपला महाग्रंथ प्रसिद्ध केला.

त्याची साधने पाहण्यासारखी होती. पहिले साधन म्हणजे पोकळ गोलक, ज्याला एका बाजूस मोठे तोंड आणि दुसऱ्या बाजूस कानात बसेल अशी निमुळती नळी. प्रत्येक गोलक एकाच स्वराला प्रतिसाद देई. नळीच्या टोकाला लाखेचा थर द्यावयाचा, लाख किंचित गरम करून मऊ करावयाची आणि सोसवेल इतपत उष्ण असतानाच ती कानात दाबावयाची, म्हणजे त्या विशिष्ट कानाचा साचा तीवर उमटून फट राहत नाही. दुसरा कान बंद करावयाचा. आणि मग वाद्य वाजू लागले की इतर वेळी मिश्रणात लपलेला एखादा साधा घटक, म्हणजेच उपस्वर, त्या गोलकातून कानात घुमू लागतो. ज्याला उपस्वर असतात हे ठाऊकही नाही अशा मनुष्यालाही या युक्तीने ते ऐकविता येत असत.

दुसरे यंत्र याच्या उलट कामाचे, म्हणजे तोडलेले पुन्हा जोडण्याचे होते, आणि त्याचा खर्च बव्हेरियाचा राजा माक्सिमिलियान याने सोसला. एका ओळीत पोलादी स्वरकाटे मांडलेले. सर्वांत खर्ज काट्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा आंदोलनसंख्यांचे पुढचे काटे. प्रत्येकाच्या दोन पायांशी विद्युच्चुंबक. आणि वेगळ्या जागी ठेवलेला आणखी एक काटा, ज्याचे टोक कंप पावताना पाऱ्याच्या वाटीत बुडून वर येई व त्यायोगे सर्व चुंबकांचा प्रवाह नियमितपणे तोडी नि जोडी. अशा रीतीने काटे अखंड कापत राहत. परंतु ते कापत असताना जवळजवळ काहीच ऐकू येत नसे, कारण प्रत्येक काट्यासमोर त्याच्याच स्वराची एक नळी होती आणि तिच्या तोंडावर झाकण होते. झाकणाला दोरा, दोऱ्याच्या टोकाला पियानोसारखी पट्टी. पट्टी दाबली की झाकण सरके आणि त्या काट्याचा स्वर खोलीत येई. कमी दाबली तर कमी, अधिक दाबली तर अधिक. कोणता उपस्वर किती घ्यावयाचा हे बोटांच्या स्वाधीन करून हेल्महोल्ट्झने या पोलादी पंक्तीकडून मनुष्याचे ‘उ’ आणि ‘ओ’ हे स्वर बऱ्यापैकी वदवून घेतले. ‘इ’ आणि ‘ए’ यांनी मात्र दाद दिली नाही, कारण त्यांना लागणारे अतितार काटे त्याच्याजवळ नव्हते.

या खटाटोपातून जे नियम निघाले ते आजही ग्रंथोग्रंथी आढळतात. ज्या स्वरात उपस्वर जवळजवळ नाहीत तो मृदु पण फिका. ज्यात पहिले सहा उपस्वर माफक आहेत तो भरदार. केवळ विषम क्रमांकाचे असले तर पोकळ, जसा क्लॅरिनेटचा. आणि सहाव्या-सातव्याच्या वरचे प्रबळ झाले की स्वर तीक्ष्ण व कर्कश होतो. जात म्हणजे उपस्वरांचे परस्पर प्रमाण, असा फैसला झाला. परंतु त्याच ग्रंथात, जातीच्या प्रकरणाच्या अगदी तोंडाशी, हेल्महोल्ट्झने एक अट प्रामाणिकपणे नमूद केलेली आहे. वाद्याचा स्वर कसा सुरू होतो नि कसा संपतो, छेडलेली तार एकदम वाजून झरझर कशी विझते, पितळी वाद्याचा स्वर कसा संथपणे उगवतो, फुंकीचा फुत्कार व गजाची खरखर, यांवरूनही कान वाद्ये ओळखतो, हे तो मान्य करतो. पण आपण येथे केवळ एकसारख्या चालणाऱ्या स्वराचाच विचार करणार आहोत, असे सांगून तो हा सारा ऐवज बाजूला ठेवतो. यात लबाडी नव्हती. लाखेने कानात बसविलेला गोलक आणि पाऱ्याच्या वाटीवर चालणारे काटे यांना स्थिर स्वरच पकडता येत होता. क्षणात होऊन जाणारा आरंभ पकडण्याचे साधन त्या काळी कोणाजवळच नव्हते. गुरूने घातलेली अट शिष्य विसरतात, हे मात्र याही प्रकरणी घडले. पुढच्या दोन पिढ्यांच्या पाठ्यपुस्तकांत अट गळाली आणि फैसला तेवढा उरला.

त्या फैसल्याची सामग्री जगभर पोचविण्याचे श्रेय रूडॉल्फ केनिग या कारागिराला द्यावे लागेल. जन्माने केनिग्सबर्गचा, पण पॅरिसमध्ये व्हियोम या नामांकित व्हायोलिनकाराच्या हाताखाली तयार झालेला हा गृहस्थ १८५८ पासून स्वतःच्या कारखान्यात स्वरकाटे, गोलक आणि ध्वनीच्या लहरीबरोबर नाचणाऱ्या ज्योती तयार करून विकत असे. हेल्महोल्ट्झच्या सिद्धान्तावर त्याचे पोट चालत होते आणि तरीही, निरनिराळे उपस्वर एकमेकांच्या किती पुढे-मागे निघतात याचाही जातीवर परिणाम होतो, असा हेल्महोल्ट्झविरुद्धचा आग्रह त्याने उतारवयापर्यंत सोडला नाही. आपल्या गिऱ्हाइकांच्या दैवताशी वाद घालणारा व्यापारी विरळाच.

हेल्महोल्ट्झचा ग्रंथ १८७५ साली अलेक्झांडर एलिसने इंग्रजीत आणला, आणि त्या भाषांतराची एक प्रत ज्यांच्या हाती पडल्याने हिंदुस्थानातील शास्त्राचा इतिहास बदलला ते चंद्रशेखर वेंकट रामन. आपल्या घडणीवर ज्या तीन ग्रंथांचा ठसा उमटला असे रामन सांगत त्यांत हा एक होता. १९०७ साली ते सरकारच्या हिशेबी खात्यात नोकरीस लागून कलकत्त्यास आले. दिवसा कचेरी, आणि उरलेला वेळ महेंद्रलाल सरकार यांनी स्थापलेल्या बहूबाजारातील विज्ञानसंस्थेत, अशी त्यांची वहिवाट पडली. नोकरी सोडून ते विद्यापीठात प्राध्यापक झाल्यावरही वाद्यांचा नाद सुटला नाही.

वर्तुळाकार ताणलेल्या चामड्याचे उपस्वर मूळ स्वराशी पूर्णांकी नात्याने जुळत नाहीत, म्हणून ढोल-नगाऱ्यांतून नक्की सूर असा निघत नाही, हे पाश्चात्त्य शास्त्रात सिद्ध झालेले होते. रामन यांनी १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासह दाखविले की, आपल्या मृदंगाच्या व तबल्याच्या पुडीवर जी शाई थरावर थर देऊन घोटलेली असते तिच्या वजनामुळे हे बेशिस्त उपस्वर जवळजवळ तारेच्या उपस्वरांसारखे जुळून येतात. ‘ना’ आणि ‘तिं’ हे बोल एकाच पुडीवर वाजत असूनही श्रोत्याला वेगवेगळे ओळखू येतात, ते हात कोठे पडला आणि त्यामुळे कोणते उपस्वर दबले व कोणते मोकळे राहिले यावरून.

त्यानंतर त्यांनी तंबोरा आणि वीणा घेतल्या. आणि येथे प्रकरण अधिक रंगले. तार ज्या बिंदूवर छेडावी त्या बिंदूवर ज्या उपस्वराचे स्थिरस्थान येते तो उपस्वर वाजूच शकत नाही, हा नियम टॉमस यंगने १८०० साली सांगितला होता आणि हेल्महोल्ट्झने त्यावर शिक्कामोर्तब केले होते. तंबोऱ्याने हा कायदा सरळ धाब्यावर बसविला. जो उपस्वर मुका असावयास हवा तोच जोमाने गाऊ लागला! कारण घोडीत होते. तंबोऱ्याची घोडी धारदार नसून रुंद व किंचित उतरती असते. कापणारी तार तिच्या पाठीवर क्षणोक्षणी टेकते आणि सुटते. आणि घोडी व तार यांच्यामध्ये सरकविलेला बारीकसा दोरा ही टेकण्याची जागा नेमकी करतो. दोरा काढून घेतला की तोच तंबोरा मुका नि कोरडा वाजतो.

मिरजेच्या कारागिरांना यातले काहीही नवे वाटले नसते. एकोणिसाव्या शतकात पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने तेथील शिकलगार घराण्याने तलवारी-भाले परजण्याचा धंदा सोडून तंतुवाद्ये घडविण्याचा धरला, आणि फरीदसाहेबांच्या नावाने ती परंपरा पुढे चालली. जवारी काढणे हे तेथील शेवटचे व सर्वांत नाजूक काम. कारागीर घोडीची पाठ कानसीने अगदी हलकेच घासतो, तार चढवून छेडतो, कान लावून ऐकतो, पुन्हा तार उतरवून घासतो. आणि मग दोरा केसाएवढा पुढे, केसाएवढा मागे सारता सारता एका ठिकाणी तार एकाएकी फुलते, खर्जातून गंधार स्पष्ट ऐकू येऊ लागतो, तेथे तो थांबतो. गायक अब्दुल करीम खाँ मिरजेस स्थायिक झाले व त्यांच्या तंबोऱ्यांच्या सुरेलपणाची ख्याती सर्वत्र झाली, त्यामागे या हातांचा वाटा थोडा नव्हता. रामन यांच्या निबंधाचा हवाला देऊन आपल्या पूर्वजांना ध्वनिशास्त्रातील सगळेच ठाऊक होते, असे म्हणणारे पंडित आपल्याकडे पुष्कळ निघाले. मला तो अभिमान अस्थानी वाटतो. कानसी धरणाऱ्याला समीकरण ठाऊक नव्हते. त्याला याहून दुर्मिळ अशी एक गोष्ट येत होती, ती म्हणजे एका छेडीच्या आत स्वर कसा बदलत जातो हे ऐकणे. तंबोऱ्याची जात छेडल्या क्षणी पूर्ण नसते. ती नंतर उमलते. हेल्महोल्ट्झने बाजूला ठेवलेला काळ हा घटक येथे आपोआप हजर होता.

युरोपात तो हजर करण्याचे काम कार्ल श्टुंफ या वृद्ध मानसशास्त्रज्ञाने केले. बर्लिन विद्यापीठातील हा प्राध्यापक चेलो उत्तम वाजवीत असे. १९०० साली सयामच्या वादकांचा ताफा बर्लिनला आला असता त्याने त्यांचे संगीत मेणाच्या नळ्यांवर उतरवून घेतले, आणि तेथून पुढे जगातील संगीताचे एक प्रचंड दप्तर उभे राहिले. पहिल्या महायुद्धात युद्धकैद्यांच्या भाषा व गाणी मुद्रित करण्यासाठी जे सरकारी मंडळ नेमले गेले त्याचा तो अध्यक्ष होता, आणि जर्मनांच्या हाती सापडलेल्या हिंदुस्थानी शिपायांचे आवाजही त्या दप्तरात जमा आहेत. भाषणातील ध्वनींवरचा त्याचा मोठा ग्रंथ १९२६ साली निघाला, तेव्हा तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता.

त्या ग्रंथात वाद्यांच्या ओळखीविषयीचा एक प्रयोग आहे. वाद्य एका खोलीत वाजावयाचे आणि श्रोते दुसऱ्या खोलीत बसावयाचे. मधली वाट स्वर सुरू होईपर्यंत बंद ठेवावयाची, स्वर स्थिर झाला की उघडावयाची आणि तो संपण्यापूर्वीच पुन्हा बंद करावयाची. हेल्महोल्ट्झच्या सिद्धान्ताप्रमाणे श्रोत्याचे यात काहीच बिघडावयास नको होते, कारण उपस्वरांचे प्रमाण ज्यात असते तो स्थिर भाग त्याच्या पदरी पुरा पडत होता. प्रत्यक्षात उलगडा वेगळाच झाला. ज्यांचे आयुष्य वाद्यवृंदात गेले असे जाणकारही एका वाद्याला दुसरे म्हणू लागले. कान इतकी वर्षे ज्या पुराव्यावर विसंबून होता त्याचा मोठा भाग त्या पहिल्या निमिषात होता.

हीच गोष्ट पुढे पॅरिस नभोवाणीतील एका इंजिनियरच्या हाती अगदी वेगळ्या वाटेने आली. पिएर शेफेर हा १९४८ साली निरनिराळे आवाज तबकड्यांवर उतरवून त्यांचे संगीत रचण्याच्या खटपटीत होता. टेप अजून त्याच्या हाती आली नव्हती. घंटेवर टोला पडून गेल्यानंतर त्याने मुद्रण सुरू केले, आणि विझत जाणारा नाद नियंत्रकाने वाढवीत वाढवीत सपाट ठेवला. तबकडी लावली तेव्हा घंटा नाहीशी झाली होती. तिच्या जागी ओबो वाजत होता. धातूचे काम फुंकवाद्याने पळविलेले पाहून शेफेरला जो आनंद झाला तो त्याच्या रोजनिशीत उतरला आहे. पियानोचा स्वर उलटा फिरविला तर कित्येकांना तो बाजाच्या पेटीसारखा वाटतो, हेही याच जातीचे उदाहरण. त्यातील उपस्वर तेच, केवळ काळाची दिशा उलटी.

तथापि आरंभ म्हणजेच सर्वस्व, असा उलट टोकाचा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. केनेथ बर्गरने १९६४ साली दहा फुंकवाद्यांचा एकच स्वर टेपवर घेऊन तो वादकांनाच ऐकविला: आहे तसा, आदि-अंतीचा अर्धा-अर्धा सेकंद कापून, उलटा फिरवून, आणि वरचे सर्व उपस्वर गाळून. मूळ स्वरही सर्वांना सर्व वेळा ओळखता आले नाहीत, ही गोष्ट वादकांच्या अभिमानाला जराशी बोचणारी आहे. कापलेल्या व उलटलेल्या स्वरांनी श्रोत्यांची बरीच फसगत केली. परंतु सर्वांत वाईट फजिती उपस्वर गाळल्यावर झाली. म्हणजे हेल्महोल्ट्झ अपुरा होता, चुकीचा नव्हता.

अपुरेपणा कोठे होता हे नेमके दाखविले ते ज्याँ-क्लोद रिसे या तरुण फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ-संगीतकाराने. अमेरिकेतील न्यू जर्सी येथील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूजने १९५७ पासून गणकयंत्राकडून स्वर काढून घेण्याची तजवीज केली होती. यंत्राला वाटेल ते वाजविता येते असा तेथील दावा. पण पुस्तकातील उपस्वरांचे आकडे भरून ट्रंपेट वाजवावयास सांगितले की बाहेर पडे तो एक निर्जीव भोंगा. रिसेने १९६० नंतरच्या त्या दशकात खऱ्या ट्रंपेटचे स्वर मुद्रित करून क्षणाक्षणाला त्यातील प्रत्येक उपस्वराचा जोर मोजला. तेव्हा दिसले की, ट्रंपेटला कायमचे असे उपस्वरांचे प्रमाणच नाही. सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागात त्याचा आरंभ घडतो. त्यात खालचे उपस्वर आधी उठतात आणि वरचे मागाहून येतात. पुढेही नाद जसजसा मोठा होईल तसतसे वरचे उपस्वर प्रमाणाबाहेर वाढतात आणि तो मंदावला की आधी विझतात. शिवाय सबंध वेळ स्वराची उंची अत्यल्प डळमळत असते. हा परस्परसंबंध यंत्रात भरल्यावर जो स्वर निघाला तो आणि खरा ट्रंपेट यांत जाणत्या कानांनाही फरक करता येईना. जोर आणि जात ही दोन वेगळी खाती नव्हेत, एकाच्या नोंदी दुसऱ्यात पडतात, हे त्यातून निष्पन्न झाले. नादाच्या तीन गुणांची क्रमिक पुस्तकातील वाटणी मात्र अजून चालू आहे.

रिसेने आपली कृती गुप्त ठेवली नाही. गणकयंत्रावर घडविलेल्या ध्वनींची एक सूची त्याने १९६९ साली प्रसिद्ध केली व तीत प्रत्येक ध्वनीचे पूर्ण साहित्य उघड लिहून दिले. त्याच वर्षी शेफेरने स्थापन केलेल्या पॅरिसच्या संस्थेसाठी त्याने ‘म्युटेशन्स’ ही रचना केली. तिच्या आरंभी काही स्वर एकामागून एक येतात, तेव्हा श्रोता त्यांना सुरावट म्हणतो. मग तेच स्वर एकदम वाजतात, तेव्हा त्यांना स्वरसंघ म्हणतो. आणि तिसऱ्या खेपेस त्याच उंचीचे घटक एकत्र उठून आपापल्या गतीने विझू लागतात, तेव्हा श्रोत्याला कितीही सांगितले तरी त्यात अनेक स्वर आहेत हे त्याला ऐकू येत नाही. त्याला एकच घण्‌कार ऐकू येतो आणि तो त्याला एका मोठ्या काशाच्या तासावर पडलेला टोला समजतो.